उशीर कुठे होतो?

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारनं देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरचं औषध फुकट द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्या दिवशी आलं ते मुंबईचं जे. जे. रुग्णालय. नांदेड किंवा लातूरकडच्या माणसासाठी याचा अर्थ होता रात्रभराचा प्रवास, अनोळखी शहर, आणि एवढं करूनही गोळ्या हाती पडतील याची खात्री नाही. कारण तेव्हा नियम होता की रक्तातल्या सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या, पेशींची संख्या २०० च्या खाली गेली असेल, किंवा माणूस उघड आजारी असेल, तरच औषध सुरू करायचं. निरोगी माणसात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. थोडक्यात, आधी पुरतं खंगा आणि मग या, असंच व्यवस्था सांगत होती.

आज चित्र उलटं आहे. नांदेडला विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत हे औषध मिळतं. ते फुकट आहे, दिवसाला बहुधा एकच गोळी आहे, आणि सीडी-फोर ९०० असला तरी चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ते सुरू करता येतं. २८ एप्रिल २०१७ पासून ‘तपासणी झाली की उपचार’ हेच देशाचं धोरण आहे. तरीही छातीचा भाता झालेली, अंगावरचं मांस उतरलेली, चार दवाखाने पालथे घालून दमलेली माणसं एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार देणाऱ्या, केंद्राच्या दारात आजही येतात. ही माणसं मधली वर्षं कुठे होती, याचा शोध घेतला तर तो रुग्णालयात लागत नाही. तो गावात, घरात आणि कामाच्या ठिकाणी घ्यावा लागतो.

लवकर म्हणजे किती लवकर?

या औषधाची गोष्ट मुळात किमतीची होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि श्रीमंत देशांत एड्सचे मृत्यू झपाट्यानं घटले. पण वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी हीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला डॉलरभरात, देऊ केली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेसाठीचा तो देकार जगाच्या औषधबाजाराला हादरा देऊन गेला. त्यानंतर भारतीय कंपन्यांनी किमती इतक्या खाली आणल्या, की आज जगातल्या गरीब देशांना वर्षभराच्या गोळ्या ४५ डॉलरच्या आत मिळतात. यातल्या हेटेरो, ऑरोबिंदो अशा काही कंपन्या हैदराबादच्या. देगलूर, बिलोली, मुखेड, उदगीरकडचे हजारो मजूर त्याच हैदराबादेत इमारती बांधायला जातात.

औषध स्वस्त झाल्यावर प्रश्न उरला तो वेळेचा. ते कधी सुरू करावं? सुरुवातीच्या औषधांचे दुष्परिणाम जड होते. कुणाला रक्तक्षय व्हायचा, कुणाच्या अंगावर चट्टे उठायचे, कुणाच्या पायांना मुंग्या यायच्या. त्यामुळे शक्य तितकं थांबावं, असा डॉक्टरांचाही कल होता. मग उंबरठा २०० वरून ३५० वर आला, तिथून ५०० वर. त्याला पूर्णविराम मिळाला तो २०१५ साली. ‘स्टार्ट’ नावाच्या अभ्यासात ३५ देशांतली ४,६८५ माणसं होती आणि सगळ्यांचा सीडी-फोर ५०० च्या वर, म्हणजे जुन्या हिशेबानं सगळे ठणठणीत. निम्म्यांना लगेच औषध दिलं, निम्म्यांना सीडी-फोर घसरेपर्यंत थांबवलं. लगेच औषध घेणाऱ्यांत गंभीर आजार किंवा मृत्यूच्या ४२ घटना घडल्या, थांबलेल्यांत ९६. धोका निम्म्याहून जास्त, ५७ टक्क्यांनी कमी झाला होता. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास मुदतीआधीच थांबवून सगळ्यांना औषध देण्यात आलं. थांबलेल्यांना गाठणाऱ्या आजारांत क्षयरोग आणि कर्करोग पुढे होते.

दुसरा धडा त्याआधीच, २०११ मध्ये मिळाला होता, आणि त्यात पुण्याचा वाटा होता. जोडीदारांपैकी एक बाधित आणि दुसरा नाही, अशी १,७६३ जोडपी नऊ देशांतून निवडली होती. भोसरीची तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, हे त्यातलं एक केंद्र होतं. निष्कर्ष असा निघाला, की बाधित जोडीदारानं लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. नंतरच्या अभ्यासांनी आणखी पुढचं दाखवलं. रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा होऊन तसाच टिकला, तर शरीरसंबंधातून तो पुढे जातच नाही. एका माणसानं वेळेवर घेतलेली गोळी त्याच्या बायकोचं किंवा नवऱ्याचंही औषध ठरते.

मग विषाणू सापडेनासा झाल्यावर गोळी बंद का करायची नाही? हा प्रश्न केंद्रात बहुतेक जण विचारतात. उत्तर शेतकऱ्याला पटकन कळेल असं आहे. शेतातली हराळी वरून खुडली तर रान स्वच्छ दिसतं, पण मुळ्या जमिनीत असतात. एचआयव्हीही काही पेशींच्या आत असाच दडून राहतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा रक्तात येतो. म्हणून औषध जन्मभराचं आहे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्याही जन्मभराच्याच असतात, पण त्या कुणी पिठाच्या डब्यात लपवून ठेवत नाही.

पहिला उशीर: चाचणीच्या आधीचा

समजा, मुखेड तालुक्यातल्या एका गावातला चाळिशीतला सेंट्रिंग मिस्त्री आहे. वर्षातले आठ महिने हैदराबाद नाही तर पुणे. लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत त्याला ताप आला असेल, घसा धरला असेल, अंगावर पुरळ उठलं असेल. चार दिवसांत उतरलेल्या तापाची आठवण कोण ठेवतो? त्यानंतर आठ-दहा वर्षं बाहेरून काहीच दिसत नाही. माणूस काम करतो, मुलीचं लग्न करतो, कर्ज फेडतो. आत मात्र पेशी एकेक करून कमी होत असतात. मग कधीतरी जुलाब लागतात ते थांबत नाहीत. तोंडात पांढरा थर येतो. एका बाजूला नागीण उठते. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लागतं, इंजेक्शन मिळतं, बरं वाटतं, पुन्हा उलटतं. कुणी सांगतं बाहेरचं बघा. करणी-भानामतीच्या संशयात आणखी दोन महिने जातात. शेवटी खोकला धरतो, क्षयरोग निघतो, आणि क्षयरुग्णाची एचआयव्ही तपासणी करायचीच असा नियम असल्यानं तिथे पहिल्यांदा रक्त तपासलं जातं. तोवर सीडी-फोर शंभराच्या आसपास आलेला असतो.

हा माणूस काल्पनिक आहे, पण त्याचा रस्ता एआरटी केंद्रात काम करणाऱ्या कुणालाही अनोळखी वाटणार नाही. देशाचे आकडेही तेच बोलतात. भारतात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगतात. राज्यांमध्ये सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत, चार लाखांच्या घरात. २०२३-२४ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार बाधितांपैकी सुमारे ८१ टक्क्यांनाच आपल्याला लागण झाल्याचं माहीत आहे. ज्यांना माहीत आहे त्यांपैकी ८८ टक्के औषधावर आहेत. औषधावर असलेल्यांची तपासणी केली तर ९७ टक्क्यांमध्ये विषाणू दबलेला आढळतो. हे तीन आकडे शेजारी ठेवले की दिसतं, की औषध आपलं काम चोख करतं. साखळी तुटते ती पहिल्या कडीला, चाचणीच्या आधी.

बाईच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. गरोदर राहिली की प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची तपासणी होते, त्यामुळे बऱ्याच घरांत पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट तिचा असतो. लागण नवऱ्याकडून आलेली असली तरी कागदावर आधी नाव तिचं लागतं, आणि घर तेवढ्यावरच निकाल देतं. नवरा आधीच गेला असेल तर ती पांढऱ्या पायाची ठरते, मग सासरचं घर आणि वाट्याची जमीन दोन्ही हातची जातात. जी चाचणी तिचा आणि बाळाचा जीव वाचवते तीच तिच्या अंगावर उलटते. म्हणून नवऱ्याचीही तपासणी त्याच भेटीत, एकत्र करणं महत्त्वाचं. तपासणी केंद्रातले काउन्सिलर त्यासाठी जिवाचं रान करतात, पण ‘मालक कामाला बाहेरगावी हायत’ या वाक्यापुढे त्यांचंही काही चालत नाही.

दुसरा उशीर: रिपोर्टनंतरचा

चाचणी झाली, रिपोर्ट आला. क्षयरोग किंवा मेंदूज्वराची लक्षणं नसतील तर आठवड्याच्या आत, जमलं तर त्याच दिवशी गोळी सुरू करता येते. पण माणूस घरी जातो आणि परत येत नाही. ओळखीचं कुणी रांगेत दिसलं तर? गावचा पोरगा तिथेच नोकरीला असला तर?

ही भीती वेडी नाही. २००९ साली औसा तालुक्यातल्या हासेगावच्या शाळेत एचआयव्हीबाधित मुलं वर्गात बसतात म्हणून इतर पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं होतं. बातमी देशभर गेली. शेजारी बसून, एका माठातलं पाणी पिऊन, खेळताना धक्का लागून एचआयव्ही होत नाही, हे तोवर कित्येक वर्षं भिंतींवर रंगवून झालं होतं. माहिती कमी नव्हती. माहिती असूनही कुणाला पुढं व्हायचं नव्हतं.

आता कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, भाड्याचं घर, दवाखान्यातला उपचार यांपैकी काहीही एचआयव्हीच्या कारणावरून नाकारता येत नाही. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासून ‘आमच्याकडे सोय नाही, मोठ्या गावाला न्या’ असं सांगणारा दवाखानाही या कायद्याच्या कक्षेत येतो. मात्र तक्रार करायची तर आधी स्वतःचं नाव उघड होईल या धास्तीनं बरेच जण तक्रारच करत नाहीत. कायद्यानं ओळख लपवून दाद मागण्याची सोय ठेवली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

या मधल्या काळात दुसरे लोक कामाला लागतात. ‘मुळासकट घालवतो’ म्हणणारा वैदू, पुड्या देणारा बाबा, महिन्याला काही हजारांचा काढा. एड्स बरा करण्याचा दावा करून औषध विकायला देशाच्या औषध नियमांनी मनाई केली आहे, तरी हे धंदे चालतात. सरकारी गोळी फुकट मिळते आणि विकतचा काढा महाग असतो. महाग ते गुणाचं, या समजुतीनं काहींचा जीव गेला आहे.

तिसरा उशीर: दोन गोळ्यांच्या मधला

दिवाळीच्या तोंडावर मराठवाड्यातून साखर कारखान्यांच्या फडांकडे टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादम सांगेल तो फड. पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात पाच-सहा महिने मुक्काम. या जोडप्यातलं एक जण किंवा दोघंही गोळीवर असतील तर काय होतं?

प्रकृती स्थिर असलेल्याला आता तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. पण हंगाम त्याहून लांबतो. दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर नाव बदलून घेता येतं, नाही तर उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक दाखवून तात्पुरत्या गोळ्याही घेता येतात. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, मुकादमाला कारण सांगावं लागतं आणि अनोळखी गावात केंद्र शोधावं लागतं. पाचटाच्या कोपीत पाच बिऱ्हाडांच्या मधोमध राहताना रोज ठरावीक वेळी गोळी काढणं हीसुद्धा परीक्षाच असते. डबी वाजते, म्हणून लोक गोळ्या चिंधीत बांधून ठेवतात.

गावात राहणाऱ्यांची अडचण अंतराची. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून जास्त. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या, मुख्य केंद्राला जोडलेल्या लिंक एआरटी केंद्रांमुळे ही पायपीट पुष्कळ कमी झाली आहे. पण काही जण जवळच्या केंद्रात मुद्दाम जात नाहीत, कारण तिथे ओळखीचे चेहरे भेटतात. ते दूरचं नांदेड किंवा लातूरच पसंत करतात. एसटीत एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे. ती घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरसमोर कागद धरावा लागतो. म्हणून अनेक जण मुकाट्यानं तिकीट काढतात. संजय गांधी निराधार योजनेचंही तसंच. त्यात एड्सग्रस्तांचा समावेश आहे, पण अर्ज गावच्या तलाठ्याच्या हातून जातो.

सगळा दोष माणसांवर टाकून चालणार नाही. २०२२ च्या जुलैत अनेक राज्यांत औषधांचा तुटवडा झाला. महिन्याऐवजी काही दिवसांच्याच गोळ्या हाती पडू लागल्या. एचआयव्हीसह जगणारे लोक दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात ठाण मांडून बसले आणि आंदोलन महिन्याहून अधिक चाललं. जन्मभर एकही दिवस गोळी चुकवू नका असं सांगणाऱ्या व्यवस्थेनं स्वतः साठा चुकवायचा नसतो.

चुकलेल्या गोळीची किंमतही मोठी आहे. रक्तात औषध अर्धवट असेल तर विषाणू त्याला पचवायला शिकतो. मग पहिल्या फळीची औषधं निकामी होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या फळीकडे जावं लागतं. ती महाग असतात आणि मोजक्याच मोठ्या केंद्रांवर मिळतात. २०२० पासून आलेलं डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध या बाबतीत दणकट आहे, विषाणूला सहजासहजी दाद देत नाही. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन यांच्यासोबत ते एकाच गोळीत येतं आणि जुन्या औषधांपेक्षा बरंच सुसह्य आहे. दहा वर्षांपूर्वी दुष्परिणामांना कंटाळून गोळी सोडलेल्यांनी पुन्हा केंद्रात जावं, याला हे एक कारण पुरेसं आहे.

बाळाचे सहा आठवडे

उशिराचा हिशेब सर्वांत काटेकोर होतो तो बाळाच्या बाबतीत. काहीच उपचार केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला गरोदरपणात वेळेवर गोळी सुरू झाली आणि बाळाला जन्मल्यावर औषध मिळालं तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. भारतात २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला, तिचा सीडी-फोर कितीही असो, जन्मभराचे उपचार देण्याचं धोरण आहे. बाळ सहा आठवड्यांचं झालं की त्याच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर सुकवून तपासणीला पाठवतात. मोठ्यांची नेहमीची चाचणी तान्ह्या बाळाला चालत नाही, कारण त्यात आईचीच प्रतिपिंडं सापडतात.

इथे सहा आठवडे म्हणजे सहाच आठवडे. दक्षिण आफ्रिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात, बाधित बाळांना वाट न पाहता पहिल्या तीन महिन्यांतच औषध सुरू केल्यावर मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तपासणी सासरच्या केंद्रात, बाळंतपण माहेरच्या गावात, आणि मधे जिल्ह्याची हद्द. या हद्दीवर बाळ हरवू नये म्हणून कुणाला तरी फोन करून करून माग काढावा लागतो. आशाताई आणि काउन्सिलर यांचं हे काम कुठल्याच फलकावर दिसत नाही.

जी मुलं बाधित जन्मली आणि गोळ्यांवर वाढली ती आता विशी-पंचविशीत आहेत. बीडजवळ पाली इथे दत्ता आणि संध्या बारगजे यांच्या ‘इन्फंट इंडिया’सारख्या संस्थांत वाढलेल्या मुलांची तर लग्नंही झाली. पूर्वी अशा मुलांसाठी दहावीपर्यंतचं स्वप्न पाहणंही धाडस होतं. आता त्यांचे प्रश्न आपल्या मुलांसारखेच आहेत. नोकरी कुठे मिळेल, कुणाला खरं सांगायचं, मूल होऊ द्यायचं का? विषाणू दबलेला असेल तर होऊ द्यायला हरकत नाही, असं शास्त्र सांगतं.

गावाचा आकडा

या तिन्ही उशिरांत औषधाचा किंवा शास्त्राचा भाग थोडा आहे. बाकी सगळा उशीर आपण केलेला आहे आणि तो मोजता येतो. एआरटी केंद्रात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाची पहिली सीडी-फोर तपासणी आजही होते. उपचार कधी सुरू करायचे हे ठरवायला तिची गरज उरलेली नाही. पण तो माणूस किती उशिरा आला हे ती नेमकं सांगते. नाव न घेता, फक्त तालुकावार, या पहिल्या आकड्याची सरासरी दरवर्षी जाहीर झाली पाहिजे. कुठल्या तालुक्यातली माणसं साडेचारशेला येतात आणि कुठली शंभरला, हे जिल्हा परिषदेच्या सभेत वाचून दाखवलं पाहिजे. दहावीच्या निकालाची टक्केवारी आपण तालुकावार छापतोच.

तोवर करण्यासारखं सोपं आहे. कुठल्याही सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी, केंद्रात ही चाचणी मोफत आणि गुप्त होते. १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही मोफत आहे. दिवाळीला घरी आलेला माणूस ऊसतोडीला, सेंट्रिंगला, ट्रकवर परत निघायच्या आधी बायकोसोबत जाऊन रक्त तपासून येऊ शकतो, सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत. निगेटिव्ह आलं तर निर्धास्त व्हावं आणि पुढे जपून राहावं. पॉझिटिव्ह आलं तर गोळी सुरू करावी आणि कामाला जावं. वेळेत गोळी सुरू झालेला माणूस इतरांइतकंच जगू शकतो. जो शंभरला येतो त्याच्यासाठी डॉक्टर पराकाष्ठा करतात आणि पुष्कळदा जिंकतातही. पण त्याला शंभरापर्यंत कुणी पोचवलं, हे विचारायचं झालं तर बोट रुग्णालयाकडे नाही, गावाकडे करावं लागेल.